आत्याची सोय

३ फेब्रुवारी

चि. गाढवास,

आत्याचे आशीर्वाद घे, आणि पाठोपाठ दोन बोलही घे.

तुझं पत्र परवा मिळालं. अक्षर अजून कोंबडीने पाय पुसावेत तसंच आहे, पण मजकूर समजला. आमची इमारत पाडून नवी बांधणार, जूनअखेर सगळ्यांनी खोल्या सोडायच्या, हे मी तुला सविस्तर दोन पानं लिहून कळवलं. त्याला तुझं उत्तर चार ओळींचं. त्यातली तिसरी ओळ अशी: "काळजी करू नकोस, तुझी सोय लावली आहे."

ही ओळ वाचली आणि पत्राची घडी घालून मी ते साखरेच्या डब्याखाली सारलं. जेवण झाल्यावर पुन्हा काढलं. ओळ तीच होती.

तुझी चूक नाही. तुझ्या तोंडी सोय म्हणजे एक खाट, एक पंखा आणि न्हाणीघर जवळ. पण मी जन्म काढला बस डेपोतल्या हरवलेल्या सामानाच्या खोलीत, हे तू विसरलास. कुणी न्यायला न आलेल्या वस्तू आमच्याकडे शेवटच्या फळीवर जायच्या. कवळ्या, एकेकटे बूट, काड्या मोडलेल्या छत्र्या, एकदा तर माणसाएवढा वाजवायचा भोंगा. मग साहेब दारातूनच बोट करून म्हणायचे, "बाई, यांची जरा सोय लावा." की संध्याकाळी भंगारवाल्याची गाडी दाराशी. साहेब वाईट नव्हते. 'फेकून द्या' म्हणायला जीभ रेटायची नाही त्यांची, म्हणून सोय. पण चांगला शब्द असल्या कामाला जुंपला की त्या कामाचाच होऊन बसतो. पुढे घरात आणून कितीही धुतला तरी वास जात नाही.

आता सरळ विचारते. मी तुझ्याकडे यायला हवी आहे, की मी कुठंतरी नीट असले म्हणजे झालं? दोन्हीत फरक आहे. दुसरं असेल तर माझ्यासमोर वाट मोकळी आहे. आमची टेलिफोनवाली (ती रे, एक्स्चेंजमध्ये होती, तुला गोळ्या द्यायची) निवृत्त बायकांच्या निवासात राहते. तिच्या शेजारची खोली मेमध्ये रिकामी होतेय. ती रोज टुमणं लावते, नाव घाल म्हणून. मी अजून घातलेलं नाही.

मी शाळा सातवीत सोडली. पुढचं शिक्षण लोक बसमध्ये विसरून गेलेल्या पुस्तकांवर झालं, त्यामुळे बऱ्याच गोष्टी मला निम्म्याच माहीत आहेत. पण तुला लहानाचं मोठं मी केलं आहे, तेवढा भाग पूर्ण वाचलेला आहे. म्हणून खरं लिही.

फोन करू नकोस. तू "हां, बोल" म्हणतोस आणि माझ्या तोंडचं सगळं पळून जातं.

तुझी,
आत्या


१४ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार. कोंबडीच्या पायांनीच लिहितोय.

सोय परत घेतो. मला वाटलं चांगला शब्द आहे.

मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून माझ्या कामातलाच शब्द वापरतो. तुला इकडे हलवायचं आहे. हसू नकोस. रस्ता रुंद होतो, झाड मध्ये येतं, तेव्हा आम्हाला बोलावतात. मी आधी झाडाभोवती फिरतो, खोड बघतो, पानं बघतो. ज्याच्यात राम नाही ते तोडणारे घेऊन जातात. जे नव्या जागी उभं राहील असं वाटतं तेच आम्ही हलवतो. आमच्यात हा शब्द उगाच कुणी उच्चारत नाही. एकदा हलवायचं म्हटलं की त्या झाडाचा भार आपल्यावर.

म्हणजे पहिलं. तू यायला हवी आहेस.

१ मार्चला टेम्पो घेऊन येतो. सगळं एकदम न्यायचं नाही. आधी अर्धं नेऊ.

हिनेही या म्हणून सांगितलं आहे.

तुझा,
गाढव


१० मार्च

चि. गाढवास आशीर्वाद.

तू जाऊन आठवडा झाला. मशीन, लोखंडी कपाट, पुस्तकांच्या पेट्या गेल्या. खाट, शेगडी, खुर्ची, आरसा आणि मी राहिलो. कपाट होतं तिथं भिंतीला पांढरा चौकोन उमटलाय. इतकी वर्षं भिंत किती मळली होती ते कपाट गेल्यावर कळलं. खोलीत खोकलं तरी आवाज परत येतो. परवा मी स्वतःलाच "काय गं?" म्हणाले.

'हलवणे' मला आवडला, तुझ्या पत्रात आवडला. पण इथं जिन्यात भेटलेल्या शेजारणीला सांगितलं की भाचा मला हलवणार आहे, तर तिने माझा हात धरला आणि हळू आवाजात विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?" तिच्या नवऱ्याला आधी साध्या खोलीतून आत हलवलं, आतून आणखी आत हलवलं, आणि नंतर घरी आणलं ते चौघांनी. तेव्हापासून तिच्यासमोर मी 'भाच्याकडे जायचंय' एवढंच म्हणते.

आता तुझ्या शब्दाबद्दल. तू टेम्पोत चढताना मी विचारलं, "उरलेलं कधी नेणार?" तू म्हणालास, "बघू. घाई करायची नाही." बाळा, आपल्या घरात 'बघू' कुठून आला तुला ठाऊक नसेल. तुझ्या आजोबांकडे नवे बूट मागितले की ते "बघू" म्हणायचे. सायकल, बघू. सहल, बघू. तुझ्या वडलांनी नि मी लहानपणी ठरवून टाकलं होतं की 'नाही' हा शब्द गरिबांचा आणि 'बघू' हा अब्रूदारांचा. तेव्हा माझ्याशी बोलताना तारीख सांगत जा, बघू म्हणू नकोस.

दुसरं. सामान पोचलं का ते विचारायला मी चौकातल्या दुकानातून फोन केला. सूनबाईने उचलला. म्हणाली, "हो. पोचलं. बरं." आणि पुढे गप्प. मी दोन क्षण वाट पाहिली, तीही पाहत असावी, मग आम्ही दोघींनी ठेवला. ती नोकरीत दिवसभर परक्यांशी फोनवर बोलते म्हणे, मग माझ्याच वाट्याला दुष्काळ का? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? माझं येणं तिला जड होणार असेल तर आत्ताच सांग. मी रुसणार नाही. रुसायला आता गुडघे साथ देत नाहीत.

आणि ती तुला विचारत होती ना, आत्या तुम्हाला गाढव का म्हणतात, त्यात अपमान नाही का? तिला सांग, अपमान 'गाढव'मध्ये नसतो. ज्या दिवशी मी याला 'आपण' म्हणेन, त्या दिवशी घाबरा.

उत्तर लवकर पाठव.

तुझी,
आत्या


११ एप्रिल

चि. गाढवास आशीर्वाद.

माझ्या पत्राला महिना झाला. टपालखात्यावर ढकलता येईल तेवढं ढकलून पाहिलं. टपालवाला म्हणतो, इतरांची पत्रं येतात.

तिसऱ्या मजल्यावरचे दोघे गेले. जिन्यात आता माझ्याच चपला वाजतात. एक खुर्ची आणि एक आरसा अशा खोलीत बसलं की माणूस स्वतःची फार वेळा गाठ घेतं.

खोलीत बसून जुन्या कामाचं आठवत राहतं. आमच्याकडे काही माणसं यायची, आपली बॅग ओळखायची, सही करायची. मग तिथंच उघडून आतलं कामाचं तेवढं काढून घ्यायची आणि म्हणायची, "बॅग राहू द्या, नंतर नेतो." आम्ही मान डोलवायचो. नवी मुलगी कामाला लागली की विचारायची, "ही कधी येतील न्यायला?" तिला कुणी उत्तर द्यायचं नाही, कारण काही दिवसांनी तिचं तिलाच कळायचं.

टेलिफोनवाली विचारत होती. तिला मे महिन्यापर्यंत थांब म्हटलं आहे.

आत्या


१९ एप्रिल (कार्ड)

आत्या, सगळं ठीक. तुझं सामान नीट आहे. आत्ता मध्येच काही हलवाहलव नको. तू शांत राहा, जेव, झोप. मी मुद्दाम बोलत नाही, लिहीतही नाही. वेळ झाली की येईन. – गाढव


७ मे

श्रीयुत भाचेसाहेब यांस,

नमस्कार. आपले कार्ड मिळाले. आपण मुद्दाम बोलत नाही असे त्यात लिहिले आहे. खुलासा केल्याबद्दल आभारी आहे. माणसाने कळवलेले बरे असते.

कळवण्यास आनंद वाटतो की निवृत्त महिलांच्या निवासात मी नाव नोंदवले आहे. खोली हवेशीर असून शेजार परिचयाचा आहे. १ जूनपासून तेथे राहण्यास जाईन. खाट व खुर्ची तेथे मिळते, त्यामुळे उरलेल्या सामानासाठी आपणास येण्याची तसदी पडणार नाही. आपल्याकडे असलेले मशीन व कपाट आपण उभयतांनी वापरावे. पुस्तके कुणाला हवी असल्यास द्यावीत.

आपण व सौ. सूनबाई यांनी माझी काळजी करू नये. मी मजेत आहे.

आपली,
आत्या


१३ मे

आत्या,

नमस्कार. मी तुमची भाचेसून. हे पत्र मी यांना न विचारता लिहिते आहे. आधी कधी लिहिलं नाही, म्हणून आधी माझंच सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला पटणार नाही.

मी कपडे धुण्याच्या यंत्रांच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेते. आम्हाला वाक्यं ठरवून दिलेली आहेत. "तुमची अडचण मी समजू शकते." "काळजी करू नका." "तुमच्याशी बोलून आनंद झाला." ओठ हसरे ठेवून म्हणायची, म्हणजे आवाज हसरा येतो. समोरचा शिव्या देत असला तरी म्हणायची. दिवसभर तेच. घरी आल्यावर ते शब्द मला तोंडात धरवत नाहीत. मागच्या वर्षी माझ्या भावाची नोकरी गेली. त्याने मला फोन केला, रडवेला झाला होता, आणि माझ्या तोंडून निघालं, "झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व." तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

तेव्हापासून घरच्या माणसांशी मी 'हो', 'नाही', 'बरं' एवढंच बोलते. त्या तीन शब्दांना अजून कंपनीने हात लावलेला नाही. तुमचा फोन आला तेव्हा 'तुम्ही या, आम्हाला आनंद होईल' असं म्हणायला हवं होतं, कळत होतं. पण ते म्हटलं असतं तर मी तुमच्याशी यंत्राबद्दल बोलल्यासारखं झालं असतं. म्हणून 'बरं' म्हटलं. मी खरं तेच म्हटलं होतं.

आता यांचं. मोठं झाड कसं हलवतात ते यांनी तुम्हाला लिहिलं का? लिहिलं नसणार. झाड एकदम उपटत नाहीत. आधी अर्ध्या बाजूने चर खणायचा, त्या बाजूची मुळं कापायची, चर चांगल्या मातीने भरायचा. आणि मग झाडाला एकटं सोडायचं. कुणी फांदी ओढायची नाही, खोड हलवून बघायचं नाही. अर्ध्या मुळांवर ते तग धरतं आणि कापलेल्या बाजूला नवी बारीक मुळं फुटतात. ती फुटली की दुसरी बाजू, आणि मगच नेणं. घाई केली तर झाड नव्या जागी नुसतं उभं राहतं, जगत नाही.

यांनी तुमचं अर्धं सामान आणलं आणि तेव्हापासून हे असेच वागतायत. तुमचं पत्र आलं की दोनदा वाचतात, घडी घालून खिशात ठेवतात. मी म्हणते, उत्तर लिहा. तर म्हणतात, "आत्ता मी मध्ये पडलो तर तिला ओढल्यासारखं होईल. तिला तिकडून सुटू दे." मी म्हटलं, "अहो, त्या आत्या आहेत, झाड नव्हेत." तर म्हणाले, "झाड असती तर मला एवढी भीती वाटली नसती."

तुमचं ७ तारखेचं पत्र आलं तेव्हा हे अंगणात हातपाय धूत होते. मीच वाचून दाखवलं. पहिल्या ओळीलाच म्हणाले, "थांब." पुढचं ऐकलं नाही. पायरीवर बसून राहिले. मला म्हणाले, "तिनं मला आपण म्हटलं." दुसऱ्या दिवशी कामावर गेले नाहीत. एका झाडाची वेळ होती, तीही चुकवली. हे काम चुकवणारे नाहीत.

तुम्ही विचारलं होतंत की तुमचं येणं मला जड होईल का. खरं उत्तर देते. मला भीती वाटते. घरात आम्ही दोघंच, दोघंही कमी बोलणारे, आमचं बेतानं चाललं आहे. तुम्ही शब्द नाण्यासारखा वाजवून घेता. मला शब्द नीट देता येत नाहीत. तुम्ही माझ्या प्रत्येक 'बरं'मध्ये काहीतरी शोधाल आणि मी थकून जाईन, असं वाटतं.

पण तुमचं मशीन मी खिडकीशी ठेवलं आहे, उजेड येतो तिथं. परवा पडद्याला दुमड घालायला बसले तर दोरा सारखा तुटत होता. कुणी दाखवलं तर बरं.

– तुमची सून


१८ मे

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. 'भीती वाटते' हे वाचलं आणि हायसं वाटलं. इतके दिवस सगळेच माझ्याशी पायाखाली गादी घातल्यासारखं बोलत होते. घरमालक म्हणतो, "तुमच्या भल्यासाठीच." निवासाची बाई म्हणते, "आता आराम करायचे दिवस." भीतीबद्दल पहिल्यांदा कुणी लिहिलं. ज्याला भीती वाटते असं सांगता येतं, त्याच्याशी निदान भांडता येतं.

दोरा तुटतो कारण तू दोऱ्याचा ताण ठेवणारा स्क्रू घट्ट केला असशील. सगळे करतात. सैल सोड.

त्या गाढवाचं मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. चहा ठेवला होता तो आटून गेला. त्याला सांग, झाडाला तोंड नसतं म्हणून ते तुझ्या हुशारीला बिनबोभाट सोसतं. मला आहे. पण सगळा दोष त्याच्या पदरात टाकला तर मी खोटी ठरेन. तो मला झाड समजून बसला आणि मी मला बेवारस बॅग समजून बसले. जो तो आपल्या धंद्याची चूक करून राहिला. मधल्या मधे साधं विचारायचं राहून गेलं, "का रे बाबा, लिहीत का नाहीस?" म्हणून. ते विचारायला मला कमीपणा वाटला, एवढंच.

'आपण' लिहिलं ते मुद्दाम लिहिलं होतं. लागावं म्हणूनच. लागलं म्हणतेस ते वाचून मला वाटलं होतं तेवढं समाधान झालं नाही.

आता व्यवहाराचं. निवासाला मी होकार दिलेला आहे आणि टेलिफोनवालीने माझ्यासाठी खिडकीला पडदा लावून ठेवला आहे. तो शब्द मी इथं बसून मोडणार नाही. २५ तारखेला तुमच्याकडे येते. हातात एक पिशवी, बास. आठ दिवस राहीन. पाहुणी म्हणूनही नाही आणि कायमची म्हणूनही नाही. या दोहोंच्या मधे आपल्या भाषेत शब्द आहे का ते तिथं येऊनच बघू. (हा माझा 'बघू', तुझ्या आजेसासऱ्यांचा नव्हे.) निवासवाल्या बाईंना कळवते, खोली जूनअखेरपर्यंत अडवून ठेवा.

तुझ्या 'बरं'मध्ये काही शोधणार नाही असं वचन देता येत नाही. सवय जुनी आहे. पण शोधलं आणि सापडलं नाही, तर तुला तसं सांगेन.

त्याला बस-थांब्यावर पाठव. हार-तुरे नकोत, टेम्पोही नको.

तुझी,
आत्या


२६ जून

टेलिफोनवाली,

तुला 'प्रिय' लिहीत नाही, कारण तू रागावली आहेस आणि रागावलेल्या माणसाला 'प्रिय' म्हटलं की आगीत तेल. आठ दिवस म्हणून आले आणि महिना होऊन गेला, एक कार्ड पाठवलं नाही, हे सगळं कबूल. का पाठवलं नाही ते सांगते.

मला ठरवताच येत नव्हतं. पहिले दिवस फार वाईट गेले. कुणी वाईट वागलं असतं तर बरं होतं, मी दुसऱ्याच दिवशी तुझ्याकडे आले असते. इथं सगळेच चांगले वागत होते. भाचा मला खुर्ची पुढे करायचा. मी उठले की तोही उठायचा. सूनबाई विचारायची, "आत्या, चहा घेता?" मी म्हणायचे, "तुम्ही घेत असाल तर." ती म्हणायची, "तुम्हाला हवा असेल तर करते." असं करता करता चहा व्हायचाच नाही. जेवायला तिघं बसलो की दातांच्या डॉक्टरकडे बाकावर बसल्यासारखे. मी ताट धुवायला घेतलं की दोघं धावत यायचे. एकदा मी कपाटातली बशी फोडली. सूनबाई म्हणाली, "असू दे, असू दे, जुनीच होती." नवी होती. खालचा चिकटवलेला कागद अजून निघाला नव्हता. मी त्या दिवशी पिशवी खाटेवर काढून ठेवली. जिथं फोडलेल्या बशीबद्दल बोलणी बसत नाहीत तिथं आपण पाहुणेच, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

सोमवारी निघायचं ठरवलं होतं. तुला कार्ड लिहायला घेतलं होतं.

शनिवारी सकाळी सूनबाईचा ऑफिसातल्या गार हवेत घालायचा लोकरीचा कोट खुंटीला दिसला, विसरून गेली होती. कॉलरला डाग होता. म्हटलं, जाता जाता पोरीचं एवढं करून जावं. चांगलं कढत पाणी काढलं, साबण लावला आणि खसाखसा धुतला. वाळल्यावर बघते तर कोट आखडून एवढासा. बाही माझ्या मनगटाला पुरेल, पण तिच्या कोपरापर्यंतच येईल अशी.

ती संध्याकाळी घरी आली. दोरीवर बघितलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, 'असू दे' ची वाट पाहत. आणि ती ओरडली, अगं, ओरडली म्हणजे खणखणीत! "आत्या! काय केलंत हे! लोकर कुणी कढत पाण्यात घालतं का? एकदा विचारायचं तरी मला! एकच कोट होता माझा!" मीही बाहेर आले आणि म्हटलं, "मग कॉलरला तेलाचा ओघळ घेऊन हिंडत होतीस ते चालत होतं?" ती म्हणाली, "हो, चालत होतं!" मी म्हटलं, "फोनवर वास येत नाही म्हणून चाललं!" ती म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय!" मी म्हटलं, "मला नाही तर कुणाला!" असं बराच वेळ चाललं. शेजारच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलं आणि पुन्हा आत गेलं.

मग दोघींचाही दम संपला. ती दोरीशी उभी, मी दाराशी.

तेवढ्यात भाचा आला. हातांना माती, बूट दाराशी. त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. घरात काहीतरी बिनसलेलं आहे हे त्याला वासावरून कळतं.

"काय झालं?"

"काही नाही," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

त्याने पुन्हा विचारलं, "नक्की?"

"म्हटलं ना, काही नाही," सूनबाई म्हणाली, "हात धुवा."

तू आयुष्यभर लोकांची बोलणी जोडून दिलीस. दोन बायका एका आवाजात 'काही नाही' म्हणतात तेव्हा तिसऱ्याने फोन ठेवून द्यायचा असतो, हे तुला सांगायला नको. त्यालाही ते कळलं बहुतेक. मुकाट्याने हात धुवायला गेला, आणि जेवताना माझ्यासाठी उठला नाही. भाजी मागितली तर डाव माझ्याकडे सरकवून म्हणाला, "घे की."

काल सकाळी ती कामावर जाताना तो कोट माझ्या खाटेवर टाकून गेली. टाकलाच, ठेवला नाही. "घाला आता तुम्हीच," म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

तेव्हा तुझ्या शेजारच्या खोलीवरचं माझं नाव काढायला सांग. पडदा चांगला असेल तर नव्या बाईला राहू दे, फार भरजरी असेल तर तूच काढून घे. मला शिव्या घालायच्या असतील तर पत्रात घाल, आणि इथं येशील तेव्हा तोंडावर घाल. जागा आहे.

कोट गळ्याशी जरा आवळतो. बाकी बरोबर बसला आहे.

तुझी,
बसडेपोवाली